राहीबाईकडचं प्रस्थान

घिवली, ९ ऑक्टोबर १९६७

श्री. रामनाथ नरहरी चुरी यांस,

मायना काय घालावा ते सुचेना, म्हणून तुमचं नाव अख्खं लिहून टाकलं. तुम्ही तरी मला कुठे मायना घातलाय! 'सर्व पालकांस सप्रेम नमस्कार.' मी कुणाची पालक हो? अडीच वर्षांनी बायकोला पत्र, तेही यंत्रावर बडवलेलं, आणि तेच पत्र मनोरच्या कुणा रत्नाबाईला, तेच बोईसरच्या कुणा नागोरावांना. तारापूरच्या पोस्टमनने जर्मनीचा शिक्का बघून लांबूनच 'वहिनी, आलं!' म्हणून ओरडून सांगितलं. मी पदराला हात पुसत धावत गेले. नसते गेले तर बरं झालं असतं.

वाचून कळलं ते असं. सुएझचा कालवा बंद पडलाय, बोटी आफ्रिकेला वळसा घालून येतात, म्हणजे मुलांची सुट्टी बोटीतच संपायची. म्हणून तिकडे शिकणाऱ्या आपल्याकडच्या सगळ्या मुलांनी मिळून एक अख्खं विमान ठरवायचं. फेब्रुवारीअखेर सगळे एकत्र येणार, महिनाभर घरी राहणार आणि एकत्रच परत जाणार. विमान भरलं तर उडेल. दोघाचौघांनी अंग काढलं तर बाकीचेही तिथेच. ही सगळी जुळवाजुळव तुम्ही करताय. करा, पुण्याचं काम आहे. पण खाली 'भारतातील संपर्क : सौ. दमयंती चुरी, घिवली' हे कुणाला विचारून घातलंत? घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! तुम्ही आखेनला बसून उंटावरून शेळ्या हाका, आणि इथे पोरांच्या आया माझ्या ओटीवर.

सामान किती आणायचं, टोचून घ्यायचं कुठलं, उतरवून घ्यायला कुणी यायचं, सगळं सगळं लिहिलंय तुम्ही. एकच लिहिलं नाही. तुम्ही स्वतः येताय का?

हंसा कार्तिकात सहाची होईल. बाप म्हणजे तिला मामंजींच्या खोलीतला हार घातलेल्या माणसाचा फोटो. बोटीवर चढतानाचा तो हार. पण परवा शाळेत तिने मास्तरांना सांगितलं की माझे बाबा देवाघरी आहेत, फोटोला हार आहे. मास्तर बिचारे चौकशीला घरी आले. आता काय सांगू त्यांना, तुम्हीच कळवा.

— दमयंती


घिवली, १२ नोव्हेंबर १९६७

तुमच्या चार ओळी मिळाल्या. 'तूच करू शकशील म्हणून तुझं नाव दिलं.' लोणी छान लावता येतं तुम्हाला. चौथी ओळ, 'माझं अजून नक्की नाही.' सहा वर्षांत नक्की झालं नाही ते चार महिन्यांत कसं होणार, हेही लिहायचं होतंत.

काम मात्र सुरू केलंय. का केलं ते विचारू नका, पुढे सांगते.

नागोराव बोईसरहून सायकल हाणत आले. मूळचे परभणीकडचे, इथे पॉवर हौसच्या बांधकामावर गोदाम सांभाळतात. मुलगा चंद्रभान तुमच्याकडे शिकतो. माणूस ओटीवर बसेना, अंगणातच उभा. म्हणाले, "ताई, इमान म्हंजी यष्टीवानीच का? खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागती का?" मी म्हटलं, जागा तुमच्या पोराची धरलेलीच आहे, तुम्ही आधी टेका. मग बसले, दोन कप चहा घेतला, आणि दर रविवारी येऊन लागेल ते काम करीन म्हणाले. मनोरला रत्नाबाईकडे मीच जाऊन आले. किराणा मालाचं दुकान एकटी चालवते, नवरा गेलाय, पुंडलिक एकुलता. तिला मुलगा हवाय आणि विमान नकोय. "खाली पानी असतंय तोपर्यंत ठीक हाय हो, खाली कायच नाय म्हंजे काय!" तिला समजावता समजावता माझ्या तोंडाला फेस आला. शेवटी राजी झाली.

आता का करतेय ते. एडवणहून दादा आला होता. मामंजींच्या समोर म्हणाला, "पाडव्यापर्यंत वाट बघतो. नाही आले तर दमीला आणि पोरीला गाडी घेऊन न्यायला येणार, आणि यावेळी परत धाडायला नाही." मला वाटलं मामंजी भांडतील. ते सुपारी कातरत होते. कातरता कातरताच म्हणाले, "ने. तिचा जलम कशाला आमच्या दारात कुजवायचा." मी आत जाऊन पोळपाटावर लाटणं आपटलं. मला कुणी विचारलंच नाही. मला नाही जायचं एडवणला. हे माझं घर आहे. या वाडीतल्या नारळीला मी पाणी घातलंय. पण नवऱ्याशिवाय सासरी राहणाऱ्या बाईचं ऐकतंय कोण?

तुमचं विमान फेब्रुवारीअखेर, पाडवा मार्चअखेर. म्हणून धावतेय. विमान उडालं पाहिजे आणि तुम्ही त्यात असलं पाहिजे, बाकी मला काही नको.

— दमयंती


घिवली, १७ डिसेंबर १९६७

सोमवारी पहाटे जमीन हलली. फळीवरची पितळी खाली पडली, हंसा उठून माझ्या गळ्याला बिलगली. कोयनेला फार हानी झाली म्हणतात. इथे सगळे सुखरूप आहोत, मुलांना तसं सांगा, आयांनी निरोप दिलेत.

हे सांगायलाच नागोराव आले होते. जाता जाता बोलून गेले. त्यांच्या मनात काही नव्हतं हो, त्यांना वाटलं मला ठाऊकच असणार. "तुमचं मालक म्हंजी देवमाणूस, ताई. दिवसभर दवाखान्यातली चादरी-कपडे धुत्यात, अन् सांच्याला आमच्या पोरांचे कागद करत्यात. परीक्षेचा नाद सोडला त्येंनी, चंद्रभान म्हणतो. पर मानूस बगा!" मी कपात चहा ओतत होते, तो तसाच ओतला. म्हटलं, हो, स्वभावच आहे त्यांचा. ते सायकलवर बसून दिसेनासे झाल्यावर मी रहाटापाशी जाऊन बसले.

आधी राग आला. इतका की तुम्ही समोर असता तर कळशी घातली असती डोक्यात. सहा वर्षं! मामंजी पारावर सांगतात, रामनाथ इंजनेर होतोय, जर्मनांचं शिक्षण लांबलचक असतं. मीही विहिरीवर तेच सांगते. आणि तुम्ही कधीचे नापास होऊन परक्याच्या चादरी धुताय, आणि तोंडात मिठाची गुळणी धरून बसलाय. मग रडू आलं. मग आठवलं, घरी असताना स्वतःचं धोतर कधी पिळलं नव्हतंत. हाताला भेगा पडत असतील हो त्या थंडीत. काय लावता?

नापास झालात ना? झालात. गावात काय सगळे पास झालेत? आपलं लग्न लागलं तेव्हा कुठे होती तुमची पदवी? मी माळ घातली ती सातपाटीच्या बाजाराला पायी जाऊन माझ्यासाठी बांगड्या आणून वाटेत निम्म्या फोडणाऱ्या माणसाला.

मला ठाऊक आहे तुमच्या डोक्यात काय बसलंय. निघताना मामंजी म्हणाले होते, "सायेब झाल्याबिगर या उंबऱ्यात पाय ठेवू नको." अहो, ते हसत म्हणाले होते! ओटीभर माणसं हसली होती. एक बापाची मस्करी, ती तुम्ही शपथ म्हणून उराशी धरून बसलात. दुसऱ्यांच्या पोरांना घरी पोचवण्यासाठी जिवाचं रान करताय आणि स्वतःच्या घरची वाट तुम्हाला दिसत नाही.

मामंजींना मी काही बोलले नाही. बोलणारही नाही. तुम्ही या.

— तुमची दमयंती


घिवली, संक्रांत, १९६८

तिळगूळ घ्या, आणि गोड राहू द्या, कारण बातमी कडू आहे.

विमानाची तारीख कळवलीत, २८ फेब्रुवारी. पंचांग बघितलंत का? माघी अमावास्या! तुमच्या त्या जर्मनांना काय त्याचं, पण तुम्ही तर घिवलीचे? रत्नाबाईला तिच्या भटजींनी सांगितलं, तिने तिथल्या तिथे पुंडलिकला कळवलं, 'आलास तर माझं मेलेलं तोंड बघशील.' तिचं ऐकून नागोराव बिथरले, आणि डहाणूच्या दोघांच्या घरूनही तेच. मनोरला पुन्हा गेले. रत्नाबाई वजनं पुसत होती, मान वर करीना. "बाय, माजा एकच हाय. आमावशेला, अधांतरी, नाय म्हंजे नाय." मी रडले तिच्या दुकानात. तिलाही रडू आलं. दोघींनी रडून घेतलं, पण ती हलली नाही. एवढे गळले की विमान गेलं. परतताना एसटीत बसले ती घिवलीचा फाटा मागे टाकून पार पुढे गेले, लक्षच नव्हतं.

वाट काढली ती राहीबाईने. आपली समोरची राहीबाई, आता कमरेत वाकलीय पण जीभ आहे तशीच आहे. जात्यावरून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, "आमावशेला निंगतो कोन? परस्थान ठेवा नि काय! आदल्या चांगल्या दिसाला निंगून जायाचा. मग इमान कवा बी उडू दे, मानूस तर आदीच निंगालेला." मी तिच्या पाया पडले. रत्नाबाईला जाऊन सांगितलं, तर ती कपाळाला हात लावून म्हणाली, "अगो, माजी आय पन ठेवायची! मना कसा नाय सुचला?" नागोरावांकडेही ही रीत आहे. सगळे पुन्हा तयार झाले, पण एका अटीवर. नीट झालं पाहिजे.

तेव्हा मुलांकडून असं करून घ्या. गुरुवार, २२ तारीख चांगली आहे. सकाळी अंघोळ करून रुमालात मूठभर तांदूळ, एक सुपारी, हळकुंड आणि नेसूचं एखादं वस्त्र बांधायचं. ते गाठोडं दुसऱ्याच्या खोलीत नेऊन ठेवायचं. तिथून पुढे स्वतःच्या खोलीत झोपायला जायचं नाही, मुक्काम गाठोड्यापाशी. निघायच्या दिवशी ते उचलायचं आणि मागे न बघता जायचं. सुपारी तिकडे मिळत नसेल तर मी पाठवतेय त्या पुडीतल्या वाटा. मुलं हसतील. हसू देत, पण करून घ्या, त्यांच्या आयांनी माझ्या शब्दावर भरवसा टाकलाय.

तुम्ही मात्र नवीन प्रस्थान ठेवू नका. तुमचं राहीबाईकडे आहे.

आठवतं ना? मुहूर्त गाठायला म्हणून गाठोडं तिच्याकडे नेलंत, आणि बोट लांबली. तुम्हाला घरात परत येता येईना. तिच्या ओटीवर तुम्ही, आपल्या ओटीवर मी, मधे बैलगाडी जाईल एवढी गल्ली. मी मुद्दाम तांदूळ निवडत बसायचे आणि तुम्ही मुद्दाम तेच वर्तमानपत्र वाचायचे. तुमच्या पोटातलं सांगता येत नव्हतं, माझ्या पोटात हंसा होती तेही मी सांगितलं नव्हतं. मग बोट सुटतेय म्हणून तार आली, तुम्ही गाडी गाठायला बोईसरला धावलात, आणि गाठोडं खुंटीवरच. परत आपल्या घरात आणायचं तर काम न होता माणूस परततो म्हणतात, म्हणून कुणी हात लावला नाही. राहीबाई दर दिवाळीला त्याच्यावरची जळमटं तेवढी काढते. परवा विचारलं, आता शिळं झालं असेल ना गं? म्हणाली, "शिला झाला तरी परस्थान ता परस्थानच. त्यानं उचललाच नाय, तर तो गेलाच नाय."

— दमयंती


घिवली, ११ फेब्रुवारी १९६८

सगळ्यांची पत्रं आली. पुंडलिकचं आलं, चंद्रभानचं आलं, डहाणूकरांचं आलं. तुमचं नाही.

आता मला राग उरला नाही, हेही लक्षात घ्या. दिवसभर मुलांच्या आयांना धीर देते आणि संध्याकाळी पोस्टमनची वाट बघत फाट्यावर उभी राहते. काल हंसाने विचारलं, सगळ्यांचे येणार मग आपले का नाय? तिला पाठीत धपाटा घातला. मग मीच तिला घेऊन बसले.

पाया पडते तुमच्या. या हो. मामंजींच्या समोर उभं राहायची लाज वाटत असेल तर राहू नका. उंबरठा अडवतो ना? नका ओलांडू. राहीबाईच्या ओटीवर या. तुमचं प्रस्थान तिथेच टांगलंय. जो अजून निघालाच नाही त्याला 'काय होऊन आलास' म्हणून विचारणार कोण?

हो किंवा नाही, तार करा. नाही असेल तरी करा.

— दमयंती


घिवली, ५ मार्च १९६८

गल्ली ओलांडून पत्र धाडायची वेळ माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं. पण बोलायला आले की तुम्ही उठून समुद्राकडे चालू लागता, आणि नवऱ्यामागे धावणारी बाई गावाला फुकटचा तमाशा. तेव्हा हंसाच्या हाती देतेय. वाचताना तरी बसावं लागेल.

तुमची तार आली नाही, तरी मी सांताक्रूझला आले. नागोरावांनी बांधकामाचं सामान आणायला जाणारा ट्रक मिळवला होता. मागे आम्ही सगळ्या पोत्यांवर, रत्नाबाईच्या मांडीवर भाजणीचा डबा. ड्रायव्हर म्हणाला, "बहनजी, रोना नहीं, सब के सब उतरेंगे." तुम्हाला काय दिसलं ते मला ठाऊक नाही, मला काय दिसलं ते सांगते. एकेक पोरगा बाहेर येत होता. रत्नाबाईने पुंडलिकला आधी दोन फटके दिले आणि मग कवटाळलं. नागोराव चंद्रभानला हातच लावेनात, त्याच्या बुटांकडे बघून हसत राहिले. सगळ्यांना सगळे मिळाले. माझ्या हातात हंसाचा हात. चंद्रभान धावत आला, "वहिनी, भाऊ मागं आहेत, एकाची पेटी हरवली ती शोधायलेत." आणि मग शेवटी तुम्ही. हंसाने विचारलं, "हेच?" मी म्हटलं, हेच असावेत. केस किती गेलेत हो तुमचे. आणि हात. मी आधी हातच बघितले.

वाटेत चंद्रभानने तिकडची गंमत सांगितली. सगळे एकमेकांच्या खोल्यांत झोपायला गेले तेव्हा वसतिगृहाची म्हातारी बाई दार वाजवून वाजवून थकली, ज्याला हाक मारावी तो दुसऱ्याच दारातून बाहेर येई. शेवटी तिनेही एका फडक्यात बटाटे बांधून शेजारणीकडे ठेवले म्हणे, तिला बहिणीकडे जायचं होतं. ट्रकभर सगळे हसले. तुम्ही पुढे ड्रायव्हरशेजारी होतात, तुमची मान हलली नाही.

फाट्याला उतरलात आणि सरळ राहीबाईच्या ओटीवर जाऊन बसलात. मीच लिहिलं होतं तसं, तेव्हा तक्रार कुणाकडे करू? पण मला वाटलं होतं एक रात्र, फार तर दोन. मी ताट धाडते ते तुम्ही जेवता, भांडी घासून धाडता. इतकी स्वच्छ की मला बघवत नाही.

मामंजी आपल्या ओटीवर पाठ करून बसतात. मी विचारलं, बोलावू का त्यांना? म्हणाले, "त्याला डोले नाय का? दार उगडाच हाय." तुम्ही वाट बघताय ते हाक मारतील म्हणून, ते वाट बघताहेत तुम्ही आत याल म्हणून. बाप तसा बेटा! आणि मधे मी, ताटं नेऊन आणून.

— दमयंती


घिवली, २६ मार्च १९६८

उद्या पहाटे ट्रक येणार आणि परवाच्या विमानाने तुम्ही सगळे परत जाणार, असं तुम्ही राहीबाईला सांगितलंत. मला नाही सांगितलंत.

महिनाभर तुमची कचेरी तिच्या ओटीवर चालली. पोरं येतात, आया येतात. रत्नाबाईने दुकानातला तराजू आणलाय आणि तुम्ही एकेकीच्या पापडाचं, सुकटीचं वजन करून निम्मं परत देता, आणि त्या तुमच्याशी भांडतात. किती छान बोलता हो त्यांच्याशी. कुणाला कुठे उतरायचं, कुणाची पेटी कुणी धरायची, एकेकाची काळजी. काल तुम्ही एका मुलाला सांगत होतात, 'घरच्यांना न भेटता निघू नकोस.' मी इकडे कोयता आपटून नारळ फोडला, तुम्हाला ऐकू जावा म्हणून.

हंसाला तुम्ही कागदाचं विमान करून दिलंत. ते ती उशाशी घेऊन निजते. अजून तुम्हाला 'ते' म्हणते.

मामंजींना सगळं ठाऊक आहे. मी सांगितलं नाही. काल आपणहून म्हणाले, "तो पास झाला नाय ता मना तिसऱ्या वर्साला कललेला. पास झालेला मानूस बापाला कलवल्याबिगर ऱ्हाईल काय गो?" मग इतकी वर्षं पारावर काय सांगत होतात, म्हटलं. तर म्हणाले, "माजा पोर हाय. कायतरी सांगायला नको?" आणि तोंडावर पंचा घेतला. तुम्ही समोरच होतात, पण वर्तमानपत्र वाचत होतात.

मी आता थकले. भांडून, रडून, विनवून झालं, पालथ्या घड्यावर पाणी. शेवटचं सांगते आणि गप्प बसते.

जायचं असेल तर जा. मी आडवी येणार नाही. पण या वेळी खुंटीवरचं गाठोडं घेऊन जा. ते टांगलेलं आहे तोवर तुम्ही गेला नाहीत असं मी स्वतःला सांगत आले, सहा वर्षं नऊ महिने त्यावर काढले. ती खुंटी रिकामी दिसली की मी समजेन आणि पाडव्याला दादाच्या गाडीत बसेन. मला बायको म्हणून सोडायचं तर नीट सोडा, असं अर्धवट टांगून नको.

राहायचं असेल तर गाठोड्याची गाठ सोडा. त्यातले तांदूळ आपल्याच शेतातले आहेत, मीच घातलेत. ते आपल्या चुलीवर शिजले की प्रस्थान मोडलं, मग कुणी कुठे गेलंच नव्हतं. परतीचं सगळं चंद्रभान बघेल, तो तयार आहे, मी विचारून ठेवलंय. पुढे काय करायचं ते पुढे बघू. वाडी आहे, बोईसरला कामं आहेत, आणि धुवायचेच असतील तर घरात कपडे कमी नाहीत.

हंसाला गाठोडं आणायला पाठवतेय. राहणार असाल तर तिच्या हाती द्या, जाणार असाल तर तिला रिकामी पाठवा. मला तेवढ्यावरून कळेल.

— दमयंती


त्याच दिवशी, चुलीपाशी

पेन्सिलीने लिहितेय, हात ओले आहेत.

हंसा रिकाम्या हाताने आली. मी भिंतीला टेकले. तरी विचारलं, गाठोडं? तर म्हणते, "बाबांनी सोडला. तांदलात टोके झालेत. बाबा निवडत बसलेत राहीआजीच्या सुपात, नि सगला खाली सांडतो."

बाबा म्हणाली ती. दोनदा.

मी दारात आले तर तुम्ही खरंच खाली मान घालून बसलेले, समोर सूप, आणि राहीबाई शेजारी बसून शिव्या देतेय. माझ्याकडे बघितलंही नाहीत. बघू नका, काम करा.

सोबत सूप धाडतेय. मी नाही काढलं. मामंजी उठले, स्वतः भिंतीवरून काढलं, झटकलं आणि हंसाकडे दिलं. म्हणाले, "राहीच्या सुपाला भोक हाय. ह्या ने. नि बापाला सांग, किडं तिकडंच टाक, घरात आनू नको."

नीट ऐकलंत ना? घरात म्हणाले.

फार निवडत बसू नका. एखाददुसरा टोका राहिला तर मी बघेन. आधण आलंय.

— दमयंती